अरब मुलं इंग्रजी का शिकतात, आणि वर्गात गप्प का बसतात

पुण्यात कॅम्पजवळच्या एका क्लासमध्ये मी काही वर्षं परदेशी मुलांना इंग्रजी शिकवत होते. मुलं बहुतेक अरब. येमेन, इराक, ओमान, सुदान. शिकायला पुण्याला यायची त्यांच्याकडची रीत जुनी आहे. त्यांच्या जिवावर कोंढव्यात मंदीची हॉटेलं उभी राहिली. (मंदी म्हणजे भात-मटणाचा येमेनी प्रकार. बाजारातली मंदी त्या हॉटेलांत मी कधी पाहिली नाही.)

त्यातला एक मुलगा येमेनमधल्या एडनचा. विशीचा, इंजिनियरिंगला जायचं म्हणून आधी भाषा पक्की करायला आलेला. वही देखणी, रिकाम्या जागा भरायच्या तर सगळ्या बरोबर. पण वर्गात तोंड उघडेल तर शपथ. प्रश्न विचारला की मान खाली, कान लाल. आमच्या स्टाफरूममध्ये त्याचा निकाल लवकरच लागला: "याला मोटिव्हेशनच नाही. बापाचा पैसा आहे, पोरगं टाइमपास करतंय."

एका रविवारी मी त्याच्या इमारतीत दुसऱ्याच कुणाकडे गेले होते. जिन्यात त्याचा आवाज ऐकू आला. घरमालकीण काकूंशी पाण्यावरून जुंपली होती. काकू म्हणत होत्या, "वॉटर मॉर्निंग ओन्ली, टेन मिनिट." हा म्हणत होता, "टेन मिनिट नॉट बॉसिबल! आय वॉश, आय कुक, आय ब्रे!" ब्रे म्हणजे प्रे, नमाज. काकूंचं व्याकरण त्याच्याहून ढिसाळ होतं, पण दोघांचं भांडण रंगात आलं होतं. तेवढ्यात खालून त्याच्याच वर्गातला, त्याच्याच गावचा एक मुलगा जिना चढून आला. आमचा गडी वाक्याच्या मधेच थांबला, काकूंना मान तुकवून आत निघून गेला.

मोटिव्हेशन ही मुलाच्या पोटात असलेली गोष्ट, असलं तर असतं नाहीतर नसतं, असं मी तोवर धरून चालले होते. त्या जिन्यात ते समजून घ्यायचं दुसरं टोक हाती आलं. मुलगा बोलतो तेव्हा ऐकणारं कोण असतं?

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांची सुरुवात साधारण १९५९ पासून होते. कॅनडात रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी माँट्रियलमधली इंग्रजी घरांतली शाळकरी मुलं घेतली. ही मुलं फ्रेंच शिकत होती. काहींना पुढे नोकरीत उपयोग होईल म्हणून फ्रेंच हवी होती. काहींना शेजारच्या फ्रेंच लोकांत मिसळायचं होतं, त्यांच्यासारखं थोडं व्हायचं होतं. मिसळू पाहणारी मुलं जास्त चांगली शिकतात असं या दोघांना दिसलं. पुढे कित्येक वर्षं जगभरातल्या अभ्यासांनी हेच दोन खण वापरले: कामासाठीची ओढ आणि मिसळण्याची ओढ.

पण हे खण माँट्रियलच्या मापाचे आहेत. तिथे फ्रेंच माणूस गल्लीत भेटतो. रियाधच्या किंवा इराकमधल्या बसऱ्याच्या मुलाने कुणात मिसळायचं? त्याला भेटणारा इंग्रजी बोलणारा माणूस फिलिपिनो नर्स असते, केरळचा दुकानदार असतो, नाहीतर पडद्यावरचा अमेरिकी नट. आणि इराकमधल्या एका अख्ख्या पिढीला तो रणगाड्यावर बसलेला भेटला. त्याच्यासारखं व्हावं असं वाटणं सोपं नाही.

म्हणून २००५ च्या सुमारास झोल्टन डॉर्नेई या हंगेरियन अभ्यासकाने प्रश्न फिरवला. मुलगा कुणासारखा व्हायला बघतो हे सोडा; तो स्वतःला पुढे कसा बघतो ते विचारा. त्याच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत. एक, मला व्हायचंय तो मी. दोन, लोकांच्या मते मी जो व्हायला हवा तो मी. तीन, वर्गातला रोजचा अनुभव: मास्तर कसा आहे, पुस्तक कसं आहे, बाकावर शेजारी कोण आहे. मला विचाराल तर अरब मुलांच्या बाबतीत दुसरा मी फार धिप्पाड असतो आणि तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघतच नाही.

पण त्याआधी या मुलांच्या घरातल्या भाषेचं बघायला हवं. तिथेच निम्मं गणित आहे.

आपण सहज म्हणतो, अरबांची भाषा अरबी. पण घरात बोलतात ती आणि पुस्तकात असते ती, या दोन वेगळ्या चिजा आहेत. पुस्तकातली ती फुस्हा: कुराणाच्या भाषेची वारसदार, बातम्यांची, भाषणांची, परीक्षेची. घरातली ती आम्मिया, आणि तीही देशोदेशी निराळी. "तुला काय हवंय?" एवढा साधा प्रश्न घ्या. फुस्हात "माधा तुरीद?" कैरोत "आयिझ एह?" बैरुतमध्ये "शू बद्दक?" मोरोक्कोत "श्नू ब्गीती?" पुस्तकातल्या वाक्यातला एकही शब्द यांतल्या कुठल्या वाक्यात जसाच्या तसा नाही. गंमत म्हणजे माँट्रियलचा तो अभ्यास आला त्याच १९५९ साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या दुहेरी कारभारावर लेख लिहून त्याला 'डायग्लोसिया' हे नाव रूढ केलं. त्याच्या उदाहरणांत अरबी होतीच.

आपल्याकडे प्रमाण मराठी आणि घरची मालवणी किंवा वऱ्हाडी यांत अंतर आहे, पण प्रमाण मराठी कुणाच्या तरी घरात बोलली जाते. फुस्हा कुणाचीच मातृभाषा नाही. कुठलीही आई लेकराला त्या भाषेत दटावत नाही. म्हणजे अरब मूल सहाव्या वर्षी शाळेत जातं तेव्हा त्याची पहिली शिकायची भाषा फुस्हाच असते. तिथे वाक्यातल्या नामाच्या शेवटी कोणता स्वर लावायचा याचे बारीक नियम असतात आणि मोठमोठे शिकलेले लोकही त्यात अडखळतात. चारचौघांत फुस्हा बोलताना चुकलं की हसं होतं. मग मूल काय शिकतं? शाळेतली भाषा ही लिहायची, पाठ करायची आणि न चुकता म्हणायची गोष्ट आहे. येत नसेल तर गप्प बसावं.

याच्या मागोमाग इंग्रजीचं पुस्तक दप्तरात येतं. मूल तिला फुस्हाच्याच खणात ठेवतं. माझ्या एडनच्या मुलाची देखणी वही आणि बंद तोंड यांचं मला लागलेलं कोडं मी तरी असं सोडवते. काकूंशी जिन्यात जे चालू होतं ते त्याच्या लेखी 'इंग्रजी' नव्हतंच. ती आम्मिया होती, भांडायची भाषा.

त्याच्या गावचा मुलगा आल्यावर तो का थांबला, त्याला अरबीत एक शब्द आहे: ऐब. हा शब्द आपल्याकडेही आहे. "घोड्यात काही ऐब नाही ना?" असं पूर्वी घोडा घेताना विचारायचे, आणि 'ऐबी' माणूस आपण अजून ओळखतो. मराठीत तो खोड, दोष एवढ्यावर थांबला. अरबीत तो रोज घराघरात फिरतो. मोठ्यांसमोर पाय पसरून बसलास, ऐब. पाहुण्यांसमोर आवाज चढवलास, ऐब. जोडीला 'कलाम अन्-नास' असतो, म्हणजे लोकांचं बोलणं. आपल्या "लोक काय म्हणतील"ची सख्खी बहीण. परक्या काकूंसमोर चुकण्यात ऐब नाही, कारण काकूंचं म्हणणं एडनला पोचत नाही. गाववाल्यासमोर चुकलं तर रात्रीपर्यंत ते अर्ध्या मोहल्ल्यात गेलेलं असतं. आणि फार चांगलं बोललं तरी पंचाईत, कारण मग "मोठा आला इंग्रज" असं ऐकून घ्यावं लागतं. मराठी शाळेतून आलेल्या कुठल्याही मुलाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

घर हे दुसरं मोठं कारण. इंग्रजी शिकायचा निर्णय पुष्कळदा मुलगा घेतच नाही. बाप घेतो, काका घेतात, आधी गल्फात जाऊन आलेला थोरला भाऊ घेतो. यात वाईटच आहे असं नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत बाहेरून लादलेली ओढ कच्ची आणि आतून आलेली पक्की असं सरसकट लिहिलेलं असतं. मला ते अरब मुलांना लावताना (आणि आपल्याला लावतानाही) खटकतं. आईचं नाव राखायचं, धाकट्यांची फी भरायची, ही मुलाला बाहेरची गोष्ट वाटतच नाही. ती त्याच्या आतच असते. माझ्या वर्गातली सगळ्यात चिवट मुलं घरच्यांसाठी शिकणारी होती. फक्त ती चिवट असत आणि भेदरलेलीही असत, कारण नापास झालं तर फक्त आपण होणार नाही, अख्खं घर होणार.

मुलींचं आणखी निराळं. आखाती देशांत विद्यापीठांमध्ये मुलींची संख्या मुलांहून जास्त भरते आणि भाषेत त्या सहसा पुढे असतात. कारण शोधायला लांब जायला नको. तिथल्या नागरिक मुलाला बारावी जेमतेम झाली तरी सैन्यात, पोलिसात बऱ्या पगाराची जागा मिळते. मुलीला घराबाहेरचं जग उघडायला शिक्षणाचीच किल्ली लागते. सौदीत २००५ साली राजे अब्दुल्ला यांच्या नावाने परदेशी शिक्षणाची मोठी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. तिच्यावर गेलेल्या मुलीसोबत घरातला पुरुष हवा, महरम हवा, अशी अट होती. मग भाऊ किंवा नवरा बरोबर जायचा, आणि तिथे नुसतं बसून काय करायचं म्हणून तोही भाषेच्या वर्गात नाव घालायचा. बहिणीच्या ओढीवर भावाचं इंग्रजी व्हायचं. पुढे २०१६ मध्ये तिथे 'व्हिजन २०३०' ही देश बदलायची सरकारी योजना आली, २०१८ मध्ये बायका गाडी चालवू लागल्या, आणि दुकानं, बँका, कंपन्या यांत त्यांना मोठ्या संख्येने कामं मिळायला लागली. २०२१ पासून सौदी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. पूर्वी मुलगी शिकायची ती बहुधा शिक्षिका व्हायला. आता तिच्या 'मला व्हायचंय तो मी'च्या जागेत कितीतरी चेहरे उभे राहतात.

दुबईकडे वळू, कारण मराठी माणसाचा तिथे रोजचा संबंध आहे. संयुक्त अरब अमिरातीत दहा माणसांतलं जेमतेम एक तिथलं नागरिक. परदेशी लोकांत सगळ्यात मोठा गट भारतीयांचा. अमिराती मूल घरात मोलकरणीकडून, म्हणजे फिलिपिन्स, श्रीलंका किंवा इंडोनेशियाच्या बाईकडून, मोडकं इंग्रजी नाहीतर मोडकी अरबी ऐकत वाढतं. आखातात कामगारांची आपली अशी एक तोडकी अरबी आहे. "माफी मालूम" म्हणजे माहीत नाही, "माफी मुश्किल" म्हणजे काही अडचण नाही. गल्फात राहून आलेला कुठलाही रत्नागिरीकर ती बोलून दाखवेल. मॉलमध्ये, दवाखान्यात, बँकेत समोरचा माणूस अरबी जाणत नाही, म्हणून स्वतःच्याच देशात नागरिकाला इंग्रजी बोलावं लागतं.

आता गार्डनरचे खण इथे लावून बघा. मिसळण्याची ओढ? कुणात? इंग्रजी बोलणारे लोक इथे मालक नाहीत, नोकर आहेत, आणि वर जे गोरे सल्लागार असतात ते दोन वर्षांनी बदलतात. कामासाठीची ओढ? सरकारी नोकरी तर नागरिक म्हणून मिळणारच असते. तरी इंग्रजी सुटत नाही, कारण विद्यापीठ इंग्रजीत आहे. १९९८ साली निघालेल्या झायेद विद्यापीठासारख्या सरकारी संस्थांचं शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून. बारावीपर्यंत अरबीत शिकलेला मुलगा तिथे पोचला की खरा अभ्यासक्रम सुरू होण्याआधी वर्षभर नुसतं इंग्रजी करत बसायचा. फाउंडेशन म्हणत त्या वर्षाला. अठराव्या वर्षी, आपल्या देशात, आपल्या सरकारच्या विद्यापीठात, परक्या भाषेसाठी एक वर्ष मागे. त्याचा राग मुलं इंग्रजीवर काढतात, आणि मास्तर लिहितो: मोटिव्हेशन कमी.

कतारने तर हे उलटसुलट करून पाहिलं. २००४ पासून अमेरिकी सल्लागार संस्थेच्या मदतीने तिथे नव्या धर्तीच्या सरकारी शाळा सुरू झाल्या आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून गेलं. दोहाच्या एज्युकेशन सिटीत अमेरिकी विद्यापीठांनी शाखा उघडल्या. पालकांत कुरकुर वाढत गेली: पोरांना धड अरबी लिहिता येत नाही, आणि कतार विद्यापीठात इंग्रजीच्या अटीमुळे कतारीच प्रवेशाला मुकतात. शेवटी २०१२ मध्ये हुकूम निघाला आणि कायदा, आंतरराष्ट्रीय संबंध, जनसंवाद, व्यवस्थापन हे विषय विद्यापीठात अरबीतून शिकवायचे ठरले. आठ वर्षांत दोन धोरणं. मधे सापडलेल्या मुलाने नेमकी कशाची ओढ लावून घ्यायची होती?

आणि याच आखाताला एके काळी इंग्रजीची पहिली ओळख मुंबईमार्गे होत होती, हे आता कुणाच्या ध्यानातही नाही. तेलाआधी तिथला पैसा मोत्यांचा होता आणि मोत्यांचा बाजार मुंबईत. कुवेत-बहरीनच्या व्यापाऱ्यांची इथे घरं होती, पेढ्या होत्या, काहींची मुलं इथे शिकली. १९६० च्या दशकापर्यंत आखातात भारतीय रुपयाच चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या होत्या.

इजिप्तची तऱ्हा आखाताहून पूर्ण वेगळी, कारण तिथे इंग्रजी राज्य होतं. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा आल्या, आणि सरकारी शाळांत इंग्रजीचं वजन वाढलं. १९०६ मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या साद झगलूल यांनी अरबी परत आणायला जोर लावला. बड्या घरांतल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया कॉलेज नावाची शाळा होती; तिथे अरबी बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची, असं तिथे शिकलेले पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. १९५६ नंतर त्या शाळेचं नावच बदलून टाकलं. राग असा, आणि तरी आज कैरोत जरा पैसा हाती आला की बाप मुलाला 'मदारिस लुगात' म्हणजे भाषांच्या शाळेत घालतो, जिथे गणित-विज्ञान इंग्रजीत असतं. या दुटप्पीपणाला इजिप्शियन लोकांनीच नाव ठेवलंय: उक्दत अल-खवागा. खवागा म्हणजे गोरा परदेशी माणूस. शब्द मूळचा फारसी, आपल्या 'ख्वाजा'चाच भाऊ. उक्दा म्हणजे गाठ. मनातली ख्वाजाची गाठ, गोऱ्याचं ते सारं चांगलं वाटण्याची. इजिप्तमध्ये मूल इंग्रजीत बोललं की ऐकणारा भाषा ऐकत नाही. बापाची ऐपत ऐकतो.

अल्जीरियात नेमकं उलटं झालंय. तिथे १८३० ते १९६२ फ्रान्सचं राज्य होतं आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या जखमा घराघरांत आहेत. तिथल्या तरुणाला इंग्रजी आवडायचं एक कारण असं की ती फ्रेंच नाही. जी भाषा आपल्याकडे ओझं वाहून आणते, ती तिथे ओझं उतरवणारी. २०२२ मध्ये सरकारने प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणलं, फ्रेंचच्या जोडीला. लेबनॉनमध्ये तर "हाय, कीफक, सा वा?" असं तीन भाषांतलं एकच अभिवादन विनोदासारखं सांगतात. तो विनोद बैरुतच्या कॅफेत गोड लागतो. सीरियातून २०११ नंतर पळून आलेल्या मुलांना तो महागात पडला. सीरियात विज्ञान अरबीतून. लेबनॉनच्या शाळेत तेच फ्रेंच किंवा इंग्रजीतून. सातवीचं गणित येणारी मुलं भाषेपायी मागे बसली आणि पुष्कळांनी शाळाच सोडली.

इस्रायलचे नागरिक असलेले पॅलेस्टिनी अरब, म्हणजे तिथल्या लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा, हे माझ्या मते या साऱ्यांत सगळ्यात गुंत्याचं प्रकरण. हैफाच्या मुलीला घरची अरबी आहे, शाळेची फुस्हा आहे, मग देश चालवणारी हिब्रू, आणि चौथ्या नंबरला इंग्रजी. तिच्या वयाच्या ज्यू मुलाला इंग्रजी दुसऱ्या नंबरला येते. विद्यापीठ प्रवेशाच्या सायकोमेट्रिक परीक्षेत मात्र इंग्रजीचा भाग दोघांना असतो. इस्रायलला ज्यूंचं राष्ट्र ठरवणाऱ्या २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जाही काढला. हिब्रू येणं भाग, पण ती शिकताना मनात काही ना काही खुपतंच. इंग्रजी कठीण पण निदान तिऱ्हाईत. त्यामुळे चौथी भाषा असूनही काही मुली तिच्यावर जीव लावतात, असं मला नवल वाटत नाही.

गाझामध्ये इंग्रजीला आणखीच वेगळं काम लागलं. २०१४ च्या युद्धानंतर तिथल्या तरुणांना इंग्रजीत आपल्या गोष्टी लिहायला शिकवणारा 'वी आर नॉट नंबर्स' हा उपक्रम उभा राहिला. त्याच्याशी जोडलेले रिफात अलअरीर तिथल्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत. डिसेंबर २०२३ मध्ये हवाई हल्ल्यात ते मारले गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी कशाला हवी होती? नोकरी तिथे नव्हती, बाहेर पडायची वाट नव्हती, आणि इंग्रजांत मिसळायचं तर नावच नको. भिंतीपलीकडे ऐकणारं कुणीतरी असेल या भरवशावर ती मुलं लिहीत होती. गार्डनरच्या दोन खणांत हे कुठे घालाल?

धर्माचं लोक लगेच विचारतात, म्हणून थोडक्यात. इस्लाममुळे अरब मुलं इंग्रजीला दूर ठेवतात, हा समज कच्चा आहे. प्रेषितांनी झैद इब्न साबित या तरुण सहकाऱ्याला ज्यूंची लिपी शिकायला सांगितलं आणि त्याने ती पंधरवड्यात आत्मसात केली, ही गोष्ट अरब शिक्षक वर्गात हमखास सांगतात. "ज्याने लोकांची भाषा शिकली तो त्यांच्या कपटापासून वाचला" हे वाक्य तर शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. ते प्रेषितांचं म्हणून सांगतात, जाणकार मौलवी मात्र ते खऱ्या वचनांत धरत नाहीत. अडचण येते ती पुस्तकातल्या जगाची. टॉम आणि ज्युली पबमध्ये भेटतात, मग ज्युली टॉमच्या फ्लॅटवर राहायला जाते; हे चौदा वर्षांच्या मुलीने घरी मोठ्याने वाचायचं कसं? म्हणून प्रकाशक मध्यपूर्वेसाठी वेगळ्या आवृत्त्या काढतात. राजकारण, दारू, धर्म, लैंगिक गोष्टी, अमली पदार्थ, वाद-विचारसरण्या आणि डुकराचं मांस हे सात विषय टाळायचे, आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा या धंद्यात 'पार्स्निप' असा शब्द झालाय. उरतं काय, तर विमानतळ, हवामान आणि निरोगी आहार. त्यावर कुणाचा जीव जडणार? मुलं स्वतःचं जग बाहेर शोधतात: व्हिडिओ गेम, फुटबॉल, गाणी. फोनवर अरबी अक्षरं नव्हती तेव्हा त्यांनी रोमन लिपीत अरबी लिहायची युक्ती काढली आणि जे आवाज रोमनमध्ये नाहीत त्यांना आकडे लावले. घशातला 'ऐन' म्हणजे ३, कारण अक्षर उलटं केलं की तसं दिसतं. 'हबीबी'मधला खोल 'ह' म्हणजे ७. एडनचा मुलगा फळ्यावर स्वतःहून उठून आला तो आयुष्यात एकदाच, मला हे आकडे शिकवायला. त्या दिवशी मी चुकत होते आणि वर्ग मला हसत होता.

मग मी बाकीचं बदलत गेले. गाववाल्यांच्या जोड्या फोडल्या. येमेनीला सुदानीबरोबर बसवलं नाही, कोरियन मुलीबरोबर बसवलं. चूक तिथल्या तिथे पकडणं सोडलं. अरबीत 'प' नाही, म्हणून पेप्सीची बेब्सी होते आणि पार्किंगचं बार्किंग, म्हणजे भुंकणं. अरबीत 'आहे' म्हणायला क्रियापद लागत नाही, "अना तालिब" म्हणजे "मी विद्यार्थी", म्हणून मुलं "आय स्टुडंट" म्हणतात. यांत आळस नाही, ढपणा नाही. 'वडा बाव' मागणाऱ्या मुलाला वडापाव मिळतोच, हे त्यांनाही कळत होतं.

त्या मुलाच्या घरचं मला फार उशिरा समजलं. एडन म्हटलं की मला आपले वासुदेव बळवंत फडके आठवतात. १८८३ साली ते तिथल्या तुरुंगात वारले. त्याला हे नाव माहीत नव्हतं, पण ब्रिटिशांचं एडन माहीत होतं. १८३९ ते १९६७ ते त्यांच्याकडे होतं आणि बराच काळ कारभार मुंबईतून चाले. त्याचे आजोबा बंदरावर कारकून होते, साहेबांच्या हाताखाली इंग्रजी शिकलेले. मग दक्षिण येमेन सोव्हिएत गोटात गेला आणि वडील रशियन शिकले. आता नातवावर पुन्हा इंग्रजी. एका घरात तीन पिढ्या, दर वेळी ज्याचं जहाज बंदरात त्याची भाषा.

तो मुंबई बघून आला त्या आठवड्यात क्लासच्या व्हरांड्यात फोनवर बोलत उभा होता, मोठ्याने, इंग्रजीत, दोन गाववाले मुलगे शेजारी उभे असतानाही. पलीकडे आजोबा होते. त्यांना नातवाचं इंग्रजी ऐकायचं होतं आणि अरबीत उत्तर दिलं की ते फोन ठेवत. फोन स्पीकरवर होता. "आय सॉ द बोर्ट, जद्दी," हा सांगत होता. पलीकडून खरखरीत आवाज आला, "विच बोर्ट? अलेक्झांड्रा डॉक ऑर ब्रिन्सेस डॉक?"